अंश

मे महिन्यात ऑपरेशन कोण करतं, जाऊबाई म्हणाली.
नागपुरात मे महिन्यात माणसं लग्नं लावतात,
कुरड्या वाळवतात, नाहीतर उन्हानं मरतात.
मी गुडघा बदलला.

तांडापेठेतल्या आमच्या खोलीत आता दोन आकडे राहतात.
एक बाहेरचा. नातू सकाळी मोबाईलवर वाचतो,
पंचेचाळीस पूर्णांक दोन.
एक माझा. शेफाली मेश्राम दुपारी साडेचारला येते,
तोंडाचा स्कार्फ सोडते, दोन गिलास पाणी पिते,
आणि प्लास्टिकची पट्टी मांडीला लावून सांगते,
बासष्ट.

नव्वद पाहिजे, मावशी.
नव्वदला खुर्चीवरून नीट उठता येतं.
शंभरला जिना.
त्याच्याही पुढे गेलात तर ऑटो.
जमिनीवर मांडी घालायचं मात्र विसरा.
मी ते विचारलंच नव्हतं.

टाच चादरीवरून आपल्याकडे ओढायची, एवढंच काम.
पाजण वाळून कडक झालेलं सूत वाकवलं
की एकेक तंतू कटकन बोलतो,
तसं आत काहीतरी बोलतं.
श्वास सोडा, शेफाली म्हणते.
मी सोडते तो श्वास नसतो.
नातू समोर आहे म्हणून गिळलेली शिवी असते.

अठ्ठावीस पिना काढल्या तेव्हा मी वाकून पाहिलं.
काठ सरळ नाही आला, डॉक्टरला म्हटलं.
तो हसला.
मी सत्तावीस वर्षं लुगडी विणली.
मी हसले नव्हते.

जाऊबाई पुन्हा आली, डब्यात बोकडाच्या पायांचा रस्सा घेऊन,
वर बोटभर लाल तेल.
दुसऱ्याचा गुडघा खाऊन माझा सुधारणार, असा तिचा हिशोब.
"काहून रडून राह्यली तू?
हिरकणेची सासू तर दहाव्या दिवशी फुटाळ्यावर फिरत होती."
डोळ्यांत पाणी तिखटाचं होतं.
थोडं तिखटाचं होतं.

दिवसाचं दुखणं पाहुण्यासारखं. बसतं, बोलतं, उठून जातं.
रात्री तीनचं दुखणं घरातलंच आहे,
त्याला कुठं काय ठेवलंय सगळं माहीत असतं.
गोळी सहाला.
कूलर घरघरतो, वाळ्याच्या ओल्या ताट्यांचा वास येतो,
इतवारीकडून मालगाडी जाते, डबे संपता संपत नाहीत.
मी छताच्या बल्ल्या मोजते.
सात.
त्यातल्या दोघींवर अजून दोरीचे वळ आहेत.
तिथं आमचा माग टांगलेला होता.
पुंडलिक गेला, त्याच्या तिसऱ्या वर्षी लाकडाच्या भावानं विकला,
पाय सोडायचा खड्डा विटांच्या चुऱ्यानं भरला,
वर टाईल्स बसवल्या.
माझा पलंग नेमका त्याच्यावर आहे.

नवा गुडघा वीस वर्षं टिकतो म्हणे.
मी एकोणसत्तर.
म्हणजे गंगाबाई घाटावर राख निवली
की तो तेवढा चकचकीत सापडेल.
नातवाला सांगून ठेवलंय,
भंगारवाल्याशी भाव करून दे, तो लुबाडेल.

एकोणिसाव्या दिवशी बाहेर सेहेचाळीस, आत एकोणऐंशी.
विसाव्या दिवशी आत पुन्हा चौऱ्याहत्तर.
असं होतं, शेफाली म्हणाली. सूज आहे.
बाहेरचा आकडा मात्र खाली यायचं नाव घेत नव्हता.

आज ती आलीच नाही. स्कूटीचा टायर बसला रस्त्यात.
साडेचार झाले, पाच झाले.
वॉकर ओढला, कडेला बसले,
पाय खाली सोडले.
टाईल भाजत होती.
उजवा पाय आपोआप काहीतरी शोधायला लागला,
दाबलं की खाली जाणारं,
सोडलं की वर येणारं.
तिथं काही नव्हतं. तरी दाबलं.
उजवा.
डावा.
उजवा. आई गं.
डावा.
हात रिकामे होते, धोट्यासाठी उगाच उघडे.
उजवा.

किती अंश झाले, मोजायला कोणी नव्हतं.
सहा वाजले.
गोळी घेतली.